राजवाडा कुठल्या हाताला

जयनगरच्या फूटपाथवरून उलटं चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बंगळुरूच्या फूटपाथवरून सुलटं चालतानाही माणसाला देवाचं नाव घ्यावं लागतं. दर दहा पावलांवर एक फरशी नाहीशी झालेली असते आणि तिच्या जागी कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलेली असते. अण्णा त्याच फूटपाथवरून मागे मागे पावलं टाकत, माझ्याकडे तोंड करून, साउथ एंड सर्कलपासून फोर्थ ब्लॉकपर्यंत आले. मी समोरून सूचना देत होते. "अण्णा, खड्डा. अण्णा, कुत्रं झोपलंय." ते कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून कुत्र्याला वळसा घालत आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवत. त्या वेळी ते मला एका परदेशी राणीचा राजवाडा दाखवत होते. राजवाड्याच्या जागी एक बेकरी होती.

हे वेड नव्हतं, काम होतं. मी तेव्हा महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत होते. कुणाला फोनवरच्या सूचना हव्यात, कुणाला संग्रहालयात कानाला लावायची माहिती हवी, त्यांना हव्या त्या भाषेतला आवाज ध्वनिमुद्रित करून द्यायचा, हा आमचा धंदा. उत्तरेकडच्या थंड मुलखातलं एक शहर आहे, डझनभर बेटांवर वसलेलं. तिथे पर्यटकांना बोटीतून शहर दाखवतात. पन्नास मिनिटांची फेरी. बोटीत बसायचं, हेडफोन कानाला लावायचा, आपली भाषा निवडायची आणि आवाज सांगेल तिकडे माना वळवायच्या. उन्हाळ्यात तिथे मराठी माणसांचे जथेच्या जथे चिवड्याचे डबे घेऊन उतरायला लागले, तेव्हा बोटवाल्या कंपनीने मराठीही हवं असं कळवलं. ऑफिसात मराठी अशी मी एकटीच, त्यातून पुण्याची. भाषांतर माझ्याकडे आलं आणि आवाज शोधणंही.

ते शहर मी पाहिलेलं नव्हतं. आमच्या ऑफिसात कुणीच पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे एक इंग्रजी संहिता होती आणि कोणतं वाक्य कितव्या सेकंदाला सुरू व्हायला हवं याचा एक तक्ता होता. तेवढ्यावर आम्ही जगाला जग दाखवायचो, आणि त्यात काही विचित्र आहे असं आम्हाला वाटत नसे.

पुण्या-मुंबईचे सहा आवाज मी पाठवले. बोटवाल्यांनी सहाही परत केले. उच्चार सगळ्यांचे स्वच्छ होते, पण ऐकताना शाळेच्या बक्षीस समारंभाला बसल्यासारखं वाटायचं, हे मलाही कबूल करावं लागलं. त्याच वैतागात मी मावसबहिणीच्या लग्नासाठी साडी घ्यायला चिकपेटला गेले. दुकानात शिरताना फोनवर आईशी बोलत होते. गादीवर मांडी घालून बसलेल्या एका गृहस्थाने कन्नडमध्ये चाललेलं बोलणं मधेच सोडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या अक्का. बसा. साडी कुटं पळून चाललीय?"

मी एक साडी घ्यायला गेले होते, तीन घेऊन आले. त्या माणसाने मला एकदाही 'घ्या' म्हटलं नाही. तो फक्त दाखवत होता. "हा काठ बगा. आता पदराकडं या. घाई न्हाई. स्वल्प उजेडात चला." स्वल्प म्हणजे कन्नडमधलं 'जरा'. त्याच्या आवाजामागून माझी नजर मुकाट्याने काठावरून पदराकडे आणि पदराकडून उजेडाकडे जात होती. दुकानातून बाहेर पडून रिक्षात बसल्यावर मला कळलं, की बोटीवर नेमकं हेच करायचं असतं. मी रिक्षा परत वळवली.

अण्णा त्या दुकानात चाळीस वर्षं होते. सगळं चिकपेट त्यांना अण्णाच म्हणायचं आणि ते समस्त स्त्रीजातीला अक्का म्हणायचे. मी सव्वीस वर्षांची होते आणि ते सत्तरीच्या घरात होते, तरी मी अक्काच. घराणं मराठी, पण आजोबांच्या आजोबांपासून बंगळुरूचं. बंगळुरूबाहेर ते दोनच ठिकाणी गेले होते, तुळजापूरला आणि तिरुपतीला. घरात मराठी, दुकानात कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, जसं गिऱ्हाईक तसं. मराठीवर मात्र त्यांचा जीव होता आणि तिथेच त्यांचं एक दुखणंही होतं. आयटीतली नवी मराठी मंडळी दुकानात यायची, त्यांचं बोलणं ऐकून हसायची. एक पुणेकर बाई त्यांना म्हणाली होती, "तुमचं मराठी भेसळीचं आहे हो." ही गोष्ट त्यांनी मला पहिल्या आठवड्यात तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा शेवटी म्हणाले, "तुमी पुण्याच्याच न्हवं? तुमाला न्हाई म्हणत." मला म्हणत होते हे उघड होतं.

त्यांच्या आवाजाचा नमुना मी पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी होकार आला. हा माणूस आम्हाला थांबायला लावतो, असं बोटवाल्यांनी लिहिलं होतं. अण्णांनी मला विचारलं, "पुण्याचे सहा नको म्हणाले?" मी हो म्हटलं. "सहाच्या सहा?" हो. "आणि आमचं घेटलं?" त्यांनी तो इंग्रजी ईमेल छापून मागितला, चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पुढे दोन वर्षं तो सदरा बदलला तरी कागद नव्या सदऱ्यात जात राहिला.

मग आमचे हाल सुरू झाले. खुर्चीत बसून अण्णांना बोलता येत नसे. खुर्चीत बसलं की ते वाक्यागणिक "हूं" आणि "बरं" एवढंच म्हणायचे. शेवटी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गादी घातली, वर पांढरी चादर आली, आणि मांडी घातल्याबरोबर आवाज सुटला. पांढऱ्या चादरीवर चपला चालणार नाहीत म्हणून आमचे तंत्रज्ञ बाहेर पायताणं काढून आत जायला लागले. आमच्या मॅनेजरांनी एकदा दाराशी सात जोड पाहिले आणि आत कसली पूजा चाललीय म्हणून विचारलं.

मी भाषांतरात लिहिलं होतं, 'आपल्या डाव्या बाजूस भव्य राजप्रासाद दृष्टीस पडतो.' अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि कागद माझ्याकडे परत दिला. "अक्का, ही साडी नेसायची न्हाई. कपाटात ठेवायची." मग त्यांनीच सुचवलं, 'बघा, राजवाडा.' मी भांडले. पुण्याची माणसं भाषेसाठी भांडतात, तसं सगळं भांडून झालं आणि 'बघा, राजवाडा' राहिलं. ठेंगण्या पुलाखाली 'कृपया आपले मस्तक सांभाळावे' असं मी लिहिलं होतं. त्याचं 'वाका, वाका, पूल ठेंगणा हाय. अंबाडा सांभाळा' असं झालं. अंबाडा आता कोण घालतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, फिरायला कोण जातंय ते बघा आधी.

पण वाक्यं तक्त्यातल्या सेकंदांना बसेनात. अण्णा म्हणाले, चालून बघितल्याशिवाय वेळ कसा कळणार? म्हणून सलग चार रविवार आम्ही जयनगरात ती बोट चालवली. त्यांचं घर तिथेच होतं. मी घड्याळ घेऊन, ते संहिता घेऊन. साउथ एंड सर्कल हा धक्का. फोर्थ ब्लॉकचं कॉम्प्लेक्स हा मोठा बाजार. मधली बेकरी राजवाडा, एक दातांचा दवाखाना चर्च, आणि मेट्रोचा पूल हा ठेंगणा पूल. तो चांगला तीन मजले उंच असूनही आम्ही दोघं वाकायचो. आणि हे सगळं ते उलटं चालत करायचे, कारण ज्याला दाखवायचं त्याच्याकडे पाठ करून त्यांना शब्द फुटत नसे. "गिऱ्हाइकाकडं पाठ म्हणजे दुकान बंद," असं ते म्हणायचे. येणारी-जाणारी माणसं मला विचारायची, यांना काही होतंय का? बेकरीवाला मात्र दर रविवारी राजवाडा आल्याबद्दल आम्हाला एक-एक खारी द्यायचा.

तिथेच एक चूक झाली. संहितेत 'डावीकडे राजवाडा' होतं. अण्णांनी 'उजवीकडे' म्हटलं. मी म्हटलं, अण्णा, डावीकडे. ते थांबले आणि त्यांनी मला समजावून सांगितलं, मुलांना सांगतात तसं. कागद कुणी लिहिला? दाखवणाऱ्याने. दाखवणारा कुठे उभा? गिऱ्हाइकाच्या समोर. त्याची डावी ती बसलेल्याची उजवी. "चाळीस वर्षं हेच केलंय, अक्का. माझ्या डाव्या हाताला पदर असला तर मी गिऱ्हाइकाला उजव्या हाताचा पदर बगा म्हणतो. आपला हात त्याच्या गळ्यात मारायचा न्हाई."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच पटलं. बोट मी चित्रात पाहिली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर सहलीच्या बसमधला गाइड होता, प्रवाशांकडे तोंड करून उभा. त्या बोटीवर गाइडच नसतो, म्हणून तर हेडफोन असतात, आणि कागद बसणाऱ्याच्याच बाजूने लिहिलेला असतो, हे दोन पदव्या घेतलेल्या मला सुचलं नाही. अण्णांनी सगळी डावी-उजवी पालटली आणि मी खाली सही केली. बोटवाल्यांनी लांबी तपासली, आवाजाची पातळी तपासली, आणि मराठी बोट सुरू झाली.

पहिल्या उन्हाळ्यातच कौतुकं यायला लागली. लोक इंटरनेटवर लिहायचे आणि मी ती छापून अण्णांना वाचून दाखवायची. 'गाइड काकांचा आवाज घरच्यासारखा.' 'सासूबाई पहिल्यांदाच सहलीत झोपल्या नाहीत.' एका नाशिकच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, की तिथली राणी किती साधी राहते बघा, राजवाड्याच्या गच्चीत कपडे वाळत घातले होते, नाहीतर आपले पुढारी. अण्णांना हे फार आवडलं. "मोठी माणसं साधीच असतात," ते म्हणाले. मीही मान डोलावली. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. एका बाईंनी चर्चचं वर्णन 'अगदी आपल्या आरटीओ ऑफिससारखं' असं केलं होतं, तरीही नाही.

दोन उन्हाळे असे सुखात गेले. मग बोटवाल्यांचं पत्र आलं. ज्या भाषा कमी ऐकल्या जातात त्यांना पुढच्या हंगामापासून यंत्राचा आवाज देण्याचा विचार होता. माणसाचा आवाज ठेवायचा असेल तर त्या भाषेच्या माणसाने स्वतः बोटीत बसून, प्रत्येक वाक्य जागेशी ताडून, सगळं बरोबर आहे असं खात्रीचं पत्र द्यायचं. पत्र नाही तर आवाज नाही.

आमचे मॅनेजर म्हणाले, "तूच सही करून टाक. मराठी त्यांना कुठं कळतंय?" मी करणारही होते. पण अण्णा त्या दिवशी ऑफिसात आले होते आणि त्यांनी ते ऐकलं. "न बघता सही?" त्यांनी विचारलं. मग खिशातला घड्यांचा कागद वरून चाचपला आणि म्हणाले, "मी बगून येतो."

आम्ही हसलो. तुळजापूर आणि तिरुपती पाहिलेला माणूस. पण अण्णा खरोखर गेले. त्यांच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांचा एक गट त्या उन्हाळ्यात तिकडे निघाला होता आणि काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, कित्येक वर्षं अशा सहलीचा हट्ट धरून बसल्या होत्या. काकू मला म्हणाल्या, "मी बोलावलं तर उटले न्हाईत. बोटीनं बोलावलं, लगेच पिशवी भरली." निघण्याच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला फोन केला. पुण्याच्या आवाजांना नको म्हटलेली जागा आपण राखली पाहिजे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही फक्त बोटीत बसा आणि मजा करा, पत्र मी लिहिते.

बोटीत काय झालं ते मला पुढे काकूंनी सांगितलं, आणि काकू सांगायला बसल्या की मधे कुणी बोलायचं नसतं.

"ह्यांना सोडून पंधरा जण आमी. बाकं बिनपाठीची, सगळ्यांची तोंडं पुढं. बोट चालवणारा मागं. कानाला लावलं, आणि ह्यांचा आवाज आला. आता मला सांगा, मी त्याआधी एकदाबी ऐकलं न्हवतं. घरी लावा म्हटलं तर गिऱ्हाइकाचं हाय म्हणायचे. घरी ह्यांचं तोंड बंदच. दिवसभर साड्या बोलून दाखवायच्या आणि घरी येऊन हूं. लग्न झालं तवापासून. आणि हितं ते कानात बोलायला लागले, हे बगा, ते बगा, जपून वाका. मी म्हटलं, आग बाई, हा माणूस एवढं बोलतो?"

अण्णा पहिल्या बाकावर डोळे मिटून, आपल्याच आवाजाबरोबर ओठ हलवत बसले होते. 'उजवीकडे बघा, राजवाडा' असं आलं आणि पंधरा माना उजवीकडे वळल्या. तिकडे एक चार मजली इमारत होती आणि तिच्या बाल्कनीत एक बाई चादर झटकत होती. कुणीतरी म्हणालं, साधा आहे हो. तेव्हा अण्णांनी डोळे उघडले. त्यांनी उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. डावीकडे राजवाडा होता, खांब-बिंब, दारात पहारेकरी, सगळं. पुढचं चर्चही डावीकडे निघालं. उजवीकडे मोटारी उभ्या होत्या.

"तोंड पांढरं पडलं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, बरं न्हाई का? तिसरं आलं, तेबी उलटं. मग उटले. चालत्या बोटीत. कानातलं काढलं आणि आमच्याकडं तोंड करून म्हणाले, सगळ्यांनी उटा आणि उलटं बसा. चूक माझी हाय."

पंधराही जणांनी पाय बाकावरून पलीकडे टाकले आणि पाठ पुढे, तोंड मागे करून बसले. आणि सगळं जुळलं. उजवीकडे म्हटलं की उजवीकडेच नाटकगृह, डावीकडे म्हटलं की डावीकडेच जहाजांची गोदी. अण्णा आता त्यांच्या पाठीमागे पडले, म्हणून बाकांमधून वाट काढत बोटीच्या मागच्या टोकाला, बोट चालवणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, गिऱ्हाइकांकडे तोंड करून. आवाज हेडफोनमधून त्यांचाच येत होता. ते नुसते हात करत होते. पलीकडच्या बाकावर काही जपानी मंडळी होती. त्यांनी आपापसांत थोडी चर्चा केली आणि तीही उलटी बसली.

फेरी संपल्यावर धक्क्यावरूनच त्यांनी मला फोन केला. माझ्याकडे जेवायची वेळ झाली होती, मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट घेऊन उभी होते.

"अक्का, सगळी डावी-उजवी उलटी हाय," ते म्हणाले. "एक न्हाई, सगळी. पत्रात तसं लिवा."

मला ते समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर मी ताट तिथेच ठेवलं. वाळत घातलेले कपडे, आरटीओ ऑफिस, सगळं एकदम आठवलं. दोन वर्षं आम्ही मराठी माणसांना एका शहराची भलतीच बाजू दाखवली होती. मग मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, अण्णा, दोन वर्षांत एकही तक्रार नाही. सगळे खूश आहेत. चूक आहे असं लिहिलं तर तुमचा आवाज जाईल, यंत्र येईल. आपण सगळं ठीक आहे म्हणून लिहू आणि पुढे कधीतरी गुपचूप सुधारू.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे समुद्रपक्ष्यांचा आवाज येत होता.

"गिऱ्हाईक खूश हाय म्हणून डाग निगत न्हाई," ते म्हणाले. "साडीवर डाग असला तर आपण दाखवायचा. तिनं घरी जाऊन शोदायचा न्हाई. आवाज जाऊदे. लिवा."

मी लिहिलं. चूक कशी झाली ते सगळं लिहिलं, साडीचा पदर आणि जयनगरच्या बेकरीसकट, आणि बदल मान्य करून सही मी केली होती हेही लिहिलं. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोटवाल्यांचं उत्तर आठ दिवसांनी आलं. तेवढ्या दिवसांत अण्णा परत आले होते. त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही, पण रोज सकाळी अकराला ते ऑफिसात येऊन खालच्या बाकावर बसायचे आणि बाराला उठून जायचे.

उत्तरात दोन गोष्टी होत्या. उलट्या बसलेल्या मंडळींचं ऐकून त्यांच्या ऑफिसातही बरंच हसू झालं होतं. आणि ती बोट चालवणाऱ्याने कळवलं होतं, की इतकी वर्षं तो प्रवाशांच्या पाठी बघत बोट चालवतोय. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे त्याच्याकडे तोंड करून बसले आणि उतरताना एका आजींनी त्याला लाडू दिला. तो माणूस कोण होता आणि परत कधी येणार, असं तो विचारत होता. खाली लिहिलं होतं, की दुरुस्त केलेलं ध्वनिमुद्रण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचलं तर मराठीला माणसाचा आवाज राहील. शुक्रवारला दोन दिवस होते.

मला वाटलं, झालं, सुटलो. तीस-बत्तीस जागी एक शब्द बदलायचा. अर्ध्या तासाचं काम, म्हणून खोली शुक्रवार सकाळचीच घेतली.

शुक्रवारी सकाळी नऊला अण्णा गादीवर बसले. मांडी घातली, चादरीवरून हात फिरवला, काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं, 'डावीकडे' म्हणायला तोंड उघडलं आणि 'उजवीकडे' म्हणाले. पुन्हा घेतलं. पुन्हा 'उजवीकडे'. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, त्यांच्या डाव्या मनगटाला रुमाल बांधला. रुमालाकडे बघत ते 'उजवीकडे' म्हणायचे. समोर मी दिसत होते आणि माझी उजवी त्यांना खरी वाटत होती. चाळीस वर्षं त्या माणसाने दुसऱ्याच्या हाताने डावं-उजवं मोजलं होतं, आता स्वतःचा हात कुठला ते त्याला सापडेना. साडेबारापर्यंत चार वाक्यं झाली. त्यातलं एक नंतर चुकीचं निघालं. अण्णांचा आवाज बसायला लागला. "यंत्रच लावा, अक्का," ते म्हणाले. "त्याला समोर कोण दिसत न्हाई, त्याचं चुकायचं न्हाई."

एक वाजता काकू डबा घेऊन आल्या. चित्रान्न होतं, म्हणजे लिंबू पिळलेला भात, पण कुणी खाल्लं नाही. काकू काचेशी उभ्या राहून दोन-तीन वेळा तीच चूक ऐकत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "समोर कोण बसलं की हा माणूस विकायलाच लागतो. गादी फिरवा."

आम्ही गादी फिरवली. अण्णांची पाठ काचेकडे आली, तोंड भिंतीकडे, आणि भिंतीवर नुसता काळा फोम. ते कासावीस झाले. "पाठ करून कसं बोलू? कुणाला सांगू?"

काकूंनी दाराशी चपला काढल्या. आत जाऊन त्या अण्णांच्या शेजारी गादीवर बसल्या, त्यांच्यासारखंच भिंतीकडे तोंड करून. पदर नीट केला, गुडघ्यांवर हात ठेवले.

"बोटीत बसलोय," त्या म्हणाल्या. "मला सांगा. कुटं बगू?"

माझ्या हेडफोनमध्ये दोघांचा श्वास येत होता. मग अण्णांनी डावा हात उचलला, अगदी हळू, आणि डावीकडच्या भिंतीकडे केला.

"डावीकडे बघा," ते म्हणाले. "राजवाडा."

काकूंनी डावीकडे पाहिलं.

त्यानंतर एकही वाक्य दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. चर्च डावीकडे गेलं, गोदी उजवीकडे आली. ठेंगणा पूल आला तेव्हा काकूंनी खरंच मान खाली घातली. चारच्या आत शेवटचं वाक्य झालं. तंत्रज्ञाने मला अंगठा दाखवला, लाल दिवा विझवला आणि फाइल पाठवायला पळाला.

आतल्या दोघांना हे कळलं नव्हतं, कारण दिवा त्यांच्या पाठीमागे होता. संहिता संपली होती आणि अण्णा बोलतच होते. पुढे एक फूलबाजार आहे, तो तुला दाखवायचा राहिला, असं ते काकूंना सांगत होते. त्यापलीकडे एक गल्ली आहे, तिथली घरं पिवळी. तू त्या दिवशी पाय दुखतात म्हणालीस म्हणून मी बोललो नाही. काकू ऐकत होत्या आणि ते हात करतील तिकडे बघत होत्या.

मला थोडा हेवा वाटला. माइक चालूच होता. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खोलीबाहेर येऊन दार लोटून घेतलं.